न तापणारा ॲम्प्लिफायर

(मारुंजी परिसरातल्या श्रोत्यांसाठी सामुदायिक रेडिओवरून झालेलं भाषण)



मारुंजीचं गावठाण असो, नाहीतर शेजारी उभ्या राहिलेल्या सोसायट्या असोत, बायकांचा कार्यक्रम ठरला की पहिला प्रश्न माइकचा येतो. हळदीकुंकू, भोंडला, महिला दिन, सप्ताहातला हरिपाठ, काहीही असलं तरी स्पीकर भाड्यानं आणायचा. तो ज्या वेळेला मिळेल त्या वेळेला कार्यक्रम बसवायचा, आणि रिक्षातून उतरवायला दोन तगडी मुलं शोधायची. म्हणून बऱ्याच बचत गटांच्या मनात आता एकच विचार आहे, की स्वतःचाच सेट घ्यावा.

दुकानात गेलं की दोन प्रकार समोर येतात. एक जुना, जड, पाठीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असलेला. दुसरा जेवणाच्या डब्याएवढा, एका हातानं उचलता येणारा. त्याच्यावर ‘क्लास डी’ असं लिहिलेलं असतं. दुकानदार म्हणतो, “ताई, हा डिजिटल आहे. वीजबिल वाचेल.” एवढ्याशा डब्यातून मंडपभर आवाज निघतो हे बघून नवल वाटतं, आणि थोडी शंकाही येते. जड ते टिकाऊ आणि हलकं ते लेचंपेचं, हा आपला भांड्याकुंड्यांचा अनुभव असतो.

आज आपण या हलक्या डब्याच्या पोटात काय चालतं ते समजून घेऊ. ते कळलं की दुकानदाराचं कोणतं वाक्य घ्यायचं आणि कोणतं सोडायचं, हे आपलं आपल्याला ठरवता येईल.

ॲम्प्लिफायर काय करतो?

माइकमध्ये आपण बोलतो, तेव्हा त्यातून अगदी इवलीशी वीज निघते. व्होल्टचा काही हजारावा भाग, एवढीच. आपल्या आवाजाच्या चढउतारांप्रमाणे ती वरखाली होते. स्पीकरचा कागदी पडदा हलवायला ती पुरत नाही. त्याला जोरकस वीज लागते, पण तिचे चढउतार मात्र माइकच्या विजेसारखेच हुबेहूब हवेत.

आपल्याला वाटतं, ॲम्प्लिफायर त्या इवल्या विजेलाच फुगवून मोठी करतो. तसं नसतं. मोठी वीज दुसरीकडूनच येते, भिंतीतल्या प्लगमधून किंवा बॅटरीतून. माइकची बारीक वीज फक्त त्या मोठ्या विजेच्या नळावर बसते आणि नळ किती उघडायचा ते सांगते. या नळाचं नाव ट्रान्झिस्टर.

अर्धा उघडा नळ

जुन्या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमध्ये, म्हणजे ‘क्लास एबी’मध्ये, हा नळ आवाजाप्रमाणे थोडा उघडतो, थोडा मिटतो. कधी पाव, कधी अर्धा, कधी पाऊण. काम सोपं आणि आवाज गोड, पण यात एक खोट आहे. नळ अर्धवट उघडा असतो तेव्हा त्यातून वीज वाहतही असते आणि त्याच वेळी त्याच्यावर विजेचा दाबही असतो. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे नळातच खर्च होणारी वीज. ती स्पीकरपर्यंत पोहोचत नाही. तिथल्या तिथे उष्णता होऊन जाते.

घरात हे आपण पाहिलेलं आहे. पंख्याचा जुना, डब्यासारखा रेग्युलेटर आठवा. पंखा हळू केला की त्या डब्याला हात लावून बघा, चांगला कोमट लागायचा. पंख्याला न दिलेली वीज तो तारेच्या वेटोळ्यात जाळत असे.

जुन्या ॲम्प्लिफायरच्या पाठीवरच्या पट्ट्या यासाठीच असतात. मेकॅनिक त्यांना हीटसिंक म्हणतात. आतली उष्णता बाहेरच्या हवेला देणं एवढंच त्यांचं काम. म्हणजे त्या वजनातला बराचसा भाग आवाज काढण्यासाठी नसतोच, वाया गेलेल्या विजेची विल्हेवाट लावण्यासाठी असतो. शिवाय ही वाया जाणारी वीजसुद्धा आधी पुरवावी लागते, म्हणून आतला लोखंडी ट्रान्सफॉर्मरही तेवढा मोठा घ्यावा लागतो.

गणितानं पाहिलं, तर अशा ॲम्प्लिफायरच्या मूळ पद्धतीत आदर्श परिस्थितीतही शंभरातले जास्तीत जास्त ७८.५ भाग स्पीकरला मिळू शकतात, आणि तेही पूर्ण जोरात चालवला तर. आपण तो कधी सतत पूर्ण जोरात चालवत नाही. भाषणात मध्ये थांबे येतात, अभंगात हळू ओळी येतात. अशा वेळी नळ बराच काळ अर्धवट उघडा राहतो आणि निम्म्याहून जास्त वीज उष्णतेत जाते.

मधलं काहीच नाही: चालू किंवा बंद

आता त्या गुणाकाराकडे पुन्हा बघू. नळ पूर्ण बंद असेल तर त्याच्यावर दाब आहे पण प्रवाह शून्य. शून्यानं काहीही गुणलं तरी उत्तर शून्य. नळ पूर्ण उघडा असेल तर प्रवाह आहे पण अडवणूक नसल्यानं दाब जवळजवळ शून्य. उत्तर पुन्हा जवळजवळ शून्य. म्हणजे नळ पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद असताना तापत नाही. तापतो तो फक्त मधल्या स्थितीत.

मग मधली स्थितीच काढून टाकली तर? क्लास डी ॲम्प्लिफायर हेच करतो. त्याचा ट्रान्झिस्टर नळासारखा न वागता दिव्याच्या बटणासारखा वागतो. चालू, नाहीतर बंद.

पण बटणानं कमी-जास्त कसं करायचं? त्याचं उत्तर आपल्या इस्त्रीत आहे. इस्त्रीचा दिवा लागतो, विझतो, परत लागतो, ते आठवा. रेशमी साडीसाठी इस्त्री ‘अर्धी’ पेटत नाही. पेटते तेव्हा पूर्णच पेटते, पण थोडा वेळ. सुती कपड्यासाठी जास्त वेळ पेटलेली राहते. किती वेळ चालू आणि किती वेळ बंद, या प्रमाणावरून तवा कमी-जास्त गरम राहतो.

क्लास डीमध्ये हीच चालू-बंद सेकंदाला काही लाख वेळा होते. साधारण चार लाख वेळा धरू. करवतीच्या दात्यांसारखी एकसारखी वरखाली होणारी लाट ॲम्प्लिफायरच्या आत तयार केलेली असते. तिच्या शेजारी माइकच्या आवाजाची लाट ठेवून दोघींची सतत तुलना होते. आवाजाची लाट दात्याच्या वर असेल तोवर बटण चालू, खाली गेली की बंद. आवाज चढला की चालूचा वेळ लांबतो, उतरला की आखूड होतो. अशा रीतीनं आवाजाचे चढउतार चालू-बंदच्या वेळांमध्ये लिहिले जातात.

माणसाच्या कानाला सेकंदाला जास्तीत जास्त वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू येतं, तेही तरुण कानाला. चार लाख म्हणजे त्याच्या वीसपट. त्यामुळे अगदी बारीक आवाजाच्या एका कंपनातही वीस वेळा मोजणी होते आणि टाळांचा किणकिणाट निसटत नाही.

प्रत्यक्षात एका बटणाऐवजी दोन बटणं असतात. एक स्पीकरला वर ओढतं, दुसरं खाली. शांतता असेल तेव्हा दोघं सारखाच वेळ चालू राहतात आणि त्यांची ओढ एकमेकांना पुसून टाकते. दोन्ही एकदम चालू झाली तर मात्र शॉर्ट होऊन क्षणात जळतील. सोसायटीत महावितरणची वीज आणि जनरेटर यांच्यामध्ये चेंजओव्हर असतो ना? एक सुटल्याशिवाय दुसरं लागत नाही, आणि मध्ये दिवे एकदा लुकलुकतात. इथेही तशीच एक फट ठेवलेली असते, सेकंदाच्या काही कोट्यंश भागाची. या फटीमुळे आवाजात किंचित खर येऊ शकते. ती काढण्यासाठी चांगल्या बोर्डात बाहेर पडणारा आवाज परत आत आणून तपासतात आणि दुरुस्त करतात. स्वस्त आणि चांगल्या बोर्डातला एक मोठा फरक इथेच पडतो.

टाकीचं काम

सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होणारी वीज तशीच स्पीकरला देऊन कसं चालेल? त्यासाठी शेवटी एक कॉइल आणि एक कपॅसिटर बसवतात.

आपल्या गच्चीवरची टाकी आठवा. खालची मोटार एकतर चालू असते, नाहीतर बंद. तरी स्वयंपाकघरातल्या नळाला पाणी धक्के मारत येत नाही, एकसारखं येतं, कारण मध्ये टाकी आहे. मोटार जास्त वेळ चालली की टाकीतली पातळी वर जाते, कमी चालली की खाली येते. कॉइल आणि कपॅसिटर मिळून ही टाकी होते. लाखो धक्के त्यात विरून जातात आणि पातळीचे सावकाश चढउतार तेवढे पुढे जातात. ते चढउतार म्हणजेच आपला आवाज.

मोबाइल किंवा लहान ब्लूटूथ स्पीकरमध्ये ही टाकी वेगळी नसते. तिथे स्पीकरच्या आतलं वेटोळंच ते काम करतं. पण मग स्पीकरची वायर अगदी आखूड असावी लागते. का ते पुढे येईल.

आता दुकानदाराच्या पहिल्या शब्दाकडे येऊ. ‘डी’ म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी अशी ॲम्प्लिफायरच्या पद्धतींची नावं आधी ठरलेली होती, म्हणून या पद्धतीला पुढचं अक्षर मिळालं, एवढंच. हा डबा डिजिटल आहे म्हणून जास्त पैसे मागितले, तर ते अक्षराचे पैसे आहेत असं समजा.

जुनी कल्पना, उशिरा जमलेली

स्वातंत्र्य चळवळीतल्या सभांना मुंबईच्या मोटवाने यांच्या शिकागो रेडिओ कंपनीचे भोंगे लागत. तेव्हाचे ॲम्प्लिफायर काचेच्या व्हॉल्व्हचे असत. आवाज निघण्याआधीच व्हॉल्व्ह तापवायला वीज लागायची. नंतर ट्रान्झिस्टर आले, आकार कमी झाला, पण ताप राहिलाच.

बटणासारखं चालणाऱ्या ॲम्प्लिफायरची कल्पना इंग्लंडमध्ये ॲलेक रीव्ह्ज यांनी १९५०च्या दशकात मांडली. १९६४ साली तिथल्याच सिंक्लेअर कंपनीनं ‘एक्स-१०’ नावाचं किट बाजारात आणलं. नावात दहा होतं, पण त्यातून प्रत्यक्षात अडीच वॅटच निघत. तेव्हाचे ट्रान्झिस्टर इतक्या वेगानं चालू-बंद होतच नव्हते. चालूवरून बंदकडे जाताना वाटेत रेंगाळायचे, आणि रेंगाळणं म्हणजे पुन्हा तीच अर्धवट उघडी स्थिती. म्हणजे पुन्हा ताप.

पुढे मॉस्फेट नावाचे चपळ ट्रान्झिस्टर आले आणि कल्पना जमली. आज हीच चालू-बंदची युक्ती आपल्या अवतीभवती सगळीकडे आहे. इंडक्शनच्या शेगडीत आहे, इन्व्हर्टरवाल्या फ्रिजमध्ये आहे. आकुर्डीला बनणारी चेतक इलेक्ट्रिक स्कूटर बॅटरीची वीज मोटारीला देताना तिचा कंट्रोलरही असाच झपाझप चालू-बंद होतो. चाकणच्या कारखान्यांत मोटारींचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हमध्येही हेच तत्त्व असतं. तुमच्यातल्या ज्या तिथे लाइनवर काम करतात, त्यांनी या वस्तू रोज पाहिलेल्या असतील.

फायदा कुठे होतो आणि कुठे नाही

एक साधा हिशेब करू. कीर्तन तीन तास चाललं आणि स्पीकरला सरासरी २० वॅट लागले असं धरू. जुना ॲम्प्लिफायर आत आलेल्या विजेतले चाळीस टक्के स्पीकरला देतो असं मानलं, तर त्याला ५० वॅट पुरवावे लागतील. त्यातले ३० वॅट उष्णतेत जातील. मेकॅनिककडचं झाळण्याचं सोल्डरिंग आयर्न बहुधा २५ वॅटचं असतं, यावरून ३० वॅटचा ताप किती ते समजेल. क्लास डी ॲम्प्लिफायर नव्वद टक्क्यांच्या जवळपास देतो. त्याला सुमारे २३ वॅट पुरतील, आणि ताप होईल फक्त ३ वॅटचा.

आता वीजबिल. वाचले २७ वॅट. रोज तीन तास, सात दिवसांचा सप्ताह. सगळं मिळून ५६७ वॅट-तास, म्हणजे जेमतेम अर्ध्या युनिटाच्या वर. सबंध सप्ताहात अर्धं युनिट! ‘वीजबिल वाचेल’ हे खोटं नाही, पण एवढ्यासाठी हजारो रुपयांचा सेट बदलण्यात अर्थ नाही. देवळातला जुना ॲम्प्लिफायर प्लगवर नीट चालत असेल तर तो चालू द्या.

खरा फायदा बॅटरीवर दिसतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची लहान बॅटरी घ्या. तिच्यात कागदावर ८४ वॅट-तास मावतात. ५० वॅट खाणारा ॲम्प्लिफायर तिच्यावर दीड तासापलीकडे थोडाच चालेल. २३ वॅटवाला साडेतीन तास चालेल. जुनी बॅटरी किंवा घाईचा वापर असेल तर दोन्ही आकडे कमी होतात, पण प्रमाण तेच राहतं. वीज गेली तरी हरिपाठ मध्येच थांबत नाही. शेतातला कार्यक्रम, दिंडी, वस्तीवरचं आरोग्य शिबिर, जिथे प्लगच नाही, तिथे हा फरक मोलाचा.

दुसरा फायदा वजनाचा. ताप नाही म्हणून पट्ट्या लहान, वीज कमी लागते म्हणून पुरवठा लहान. पन्नास-पन्नास वॅटचे दोन आवाज देणारा बोर्ड तळहातावर मावतो. सेट उचलायला दुसऱ्याची वाट बघावी लागली नाही, तर कार्यक्रमाची वेळ बायका स्वतः ठरवू शकतात. आम्हाला यातला हा फायदा सगळ्यांत मोठा वाटतो.

तिसरा फायदा डोळ्यांना दिसत नाही. कानाला लावायच्या श्रवणयंत्रातही याच जातीचा ॲम्प्लिफायर असतो. सव्वा-दीड व्होल्टच्या शर्टाच्या बटणाएवढ्या सेलवर ते यंत्र दिवसचे दिवस चालतं. तिथे जुनी पद्धत वापरली असती तर सेल सारखे बदलावे लागले असते.

तोटेही आहेत

पहिला तोटा रेडिओचा. लाखो वेळा चालू-बंद होणारी वीज स्वतःच एक बारीकसं प्रक्षेपण करते. स्पीकरची लांब वायर तिची एरियल होते. आवाज चार लाखांच्या ठेक्यावर बांधलेला असेल, तर त्याच्या दुपटीवर, म्हणजे ८०० किलोहर्ट्झच्या आसपासही खरखर उमटते. आपली पुणे आकाशवाणी मिडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला लागते. अगदी शेजारी! चांगल्या डब्यात कॉइल नीट बसवलेली असते, पत्र्याचं कवच असतं, म्हणून त्रास होत नाही. स्वस्तातल्या डब्यात यातलंच काहीतरी वाचवलेलं असतं.

दुसरा तोटा दुरुस्तीचा. जुन्या ॲम्प्लिफायरचा ट्रान्झिस्टर गेला, तर पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून नवा आणून कोपऱ्यावरचा मेकॅनिक बसवून देतो. क्लास डीचे भाग तांदळाच्या दाण्याएवढे आणि बोर्डावर चिकटवलेले. बहुतेक वेळा सबंध बोर्डच बदलावा लागतो. म्हणून घेतानाच विचारा, की हाच बोर्ड सुटा मिळतो का? कितीला?

तिसरी गोष्ट, माइकची शिट्टी. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते, मग ॲम्प्लिफायर कोणताही असो. माइक स्पीकरच्या मागे ठेवणं हाच त्यावरचा उपाय.

घेताना काय बघायचं

खोक्यावर मोठ्या अक्षरात हजारो वॅट पीएमपीओ लिहिलेलं असतं. त्या आकड्याकडे बघूच नका. डब्याबरोबरच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरात काय आहे ते वाचा. १२ व्होल्ट, २ अँपिअर असेल तर गुणाकार २४. म्हणजे आत २४ वॅट येतात. त्यातून सतत १०० वॅट बाहेर कुठून निघणार? विहिरीत नाही ते पोहऱ्यात येत नाही.

आणखी एक पडताळा आहे. व्होल्टचा आकडा स्वतःनंच गुणायचा आणि स्पीकरच्या ओहमच्या दुपटीनं भागायचा. लहान क्लास डी बोर्ड बहुतेक ज्या पद्धतीनं जोडलेले असतात, त्यांत एका स्पीकरला स्वच्छ आवाजात जास्तीत जास्त किती वॅट मिळतील ते यातून कळतं. १२ व्होल्ट आणि ४ ओहमचा स्पीकर: १४४ भागिले ८, म्हणजे १८ वॅट. तोच स्पीकर ८ ओहमचा असेल तर ९ वॅट. मोबाइल चार्जरच्या ५ व्होल्टवर चालणारा बोर्ड ४ ओहमला ३ वॅटच देऊ शकतो. चाळीसेक बायकांच्या खोलीतल्या बैठकीला १०-१८ वॅट चांगले पुरतात.

जोडताना तीन गोष्टी सांभाळा. एक, दोन स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र जोडू नका आणि डब्याच्या पत्र्यालाही लावू नका. जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये ते खपून जायचं, इथे बोर्ड जळू शकतो. दोन, बॅटरीचं लाल-काळं उलटं लावू नका, आणि लाल वायरीत फ्यूज घालून घ्या. तीन, बोर्डावर ४ ओहम लिहिलं असेल तर त्याहून कमी ओहमचा स्पीकर लावू नका, आणि एकाच जोडणीवर चार-चार स्पीकर टांगू नका.

दुकानात जाताना जुना ट्रान्झिस्टर रेडिओ पिशवीत टाका. मिडियम वेव्हवर पुणे लावा आणि ॲम्प्लिफायर चालू करून रेडिओ त्याच्याजवळ न्या. अगदी खेटून थोडी कुरकुर होईल, ती चालते. पण दोन-तीन हातांवरूनही खरखर येत असेल, तर आतली टाकी कच्ची आहे असं समजा आणि दुसरा डबा बघा. याला पैसे लागत नाहीत. मग अर्धा तास तो मोठ्या आवाजात वाजवायला सांगा आणि बाहेरच्या पेटीला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, तर जे वाचायला हवं होतं तेच वाया जातंय.

वाचलेली वीज आणि आपले कान

एक गोष्ट राहिली, आणि ती आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ज्या युक्तीनं आपला हरिपाठ बॅटरीवर चालतो, त्याच युक्तीनं मिरवणुकीतली डीजेची भिंतही उभी राहते. जुन्या पद्धतीनं तेवढा आवाज काढायला ट्रकभर यंत्रं आणि त्यांचा ताप सांभाळावा लागला असता. आता मोठा आवाज स्वस्त झालाय. पुण्यात विसर्जन मिरवणुकीच्या वेळी सीओईपीची मंडळी लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजतात. काही वर्षी त्याची सरासरी शंभर डेसिबलच्याही पुढे गेलेली आहे.

कानाचं गणित वेगळं असतं. १० वॅटचे १०० वॅट केले तर कानाला आवाज दहापट वाटत नाही, साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे मजा दुप्पट, पण कानावर पडणारी ऊर्जा दहापट. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०१ डेसिबलला आठवडाभरात जेमतेम १९ मिनिटं. मिरवणूक तर तासन् तास चालते, आणि तीत कडेवरची लेकरंही असतात. आतल्या कानातल्या ज्या नाजूक पेशी ऐकायचं काम करतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा भाग राज्य सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. काही सणांपुरती राज्य सरकार रात्री १२पर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. त्रास झाला तर ११२ला फोन करता येतो. आणि आपल्या स्वतःच्या कार्यक्रमालाही लेखी परवानगी लागते, हे विसरू नका.

आपला सेट घेतला की हे आपल्याकडूनच सुरू करू. आवाज वाढवण्याआधी स्पीकर उंचावर, डोक्याच्या वर ठेवा आणि तोंड ऐकणाऱ्यांकडे करा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो, म्हणून एकच मोठा स्पीकर पुढे ठेवून पुढच्यांचे कान किटवण्यापेक्षा दोन लहान स्पीकर ऐकणाऱ्यांच्या जवळ लावा. शेवटच्या रांगेतल्या आजींना शब्द स्पष्ट कळले आणि पहिल्या रांगेतल्या बाळाची झोप मोडली नाही, की आवाजाचं बटण बरोबर जागी आहे.

गटाच्या पुढच्या बैठकीत हा हिशेब मांडून बघा. अडॅप्टरवरचे आकडे, स्पीकरचे ओहम आणि बॅटरी किती तास हवी, एवढं कागदावर लिहून न्या. आणखी काही विचारायचं असेल तर पत्रानं किंवा फोननं कळवा, पुढच्या भागात उत्तर देऊ. तोवर नमस्कार.